वासाचा रकाना

बाईंना आपली चूक कळली, तेव्हा बूचकाकांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. चूक नोंदवहीतली असती तर बाईंनी ती त्याच दिवशी लाल शाईने दुरुस्त करून शेजारी सही ठोकली असती. त्यांची पद्धतच तशी होती. पण ही चूक एका माणसाच्या सेवापुस्तकात जाऊन बसली होती, आणि तिथे बाईंची लाल शाई चालत नव्हती.

बाई म्हणजे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. कारखाना गोड धाटांच्या रसापासून इथेनॉल करायचा, गाड्यांच्या इंधनात मिसळायला. उसासारखी दिसणारी पण उसाहून बारीक धाटं. त्यांचा रस काढायचा, उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं इथेनॉल करतं. मोठ्या टाक्यांत जे करायचं ते आधी बरण्यांत करून बघायचं, हे प्रयोगशाळेचं काम. त्यासाठी एक उबदार खोली होती. तिथे फळ्यांवर काचेच्या बरण्यांच्या रांगा. प्रत्येक बरणीला रबरी बूच, बुचातून निघालेली वाकडी काचनळी, आणि नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवलेलं. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडायचा, बाहेरची हवा मात्र आत शिरायची नाही. बुडबुडे चालू म्हणजे काम चालू, इतका साधा हिशेब.

हवा आत जाता कामा नये, यावर बाईंचा भारी कटाक्ष. यीस्टला भरपूर हवा मिळाली की ते साखर खाऊन नुसतं वाढत सुटतं, इथेनॉल करायचं नाव घेत नाही. "खाऊनपिऊन गलेलठ्ठ होतात आणि कामाला हात लावत नाहीत," असं त्या नव्या लोकांना समजावून सांगायच्या, आणि सांगताना त्यांची नजर हमखास वरच्या मजल्यावरच्या कार्यालयाकडे वळायची.

बूचकाका प्रयोगशाळेतले मदतनीस, बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. बरण्या धुणं, रस उकळणं, बुचांना भोकं पाडून त्यांत नळ्या बसवणं ही त्यांची कामं. बुचाला भोक पाडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून बूचकाका. माणूस कमी बोलणारा. विचारलं तेवढं सांगायचं आणि पुढच्या बरणीकडे वळायचं.

त्या वर्षी तीन बरण्या आंबल्या. इथेनॉल राहिलं बाजूला, बूच काढल्याबरोबर व्हिनेगरचा भपकारा आला. नेमकी आठवड्यावर वरिष्ठांची पाहणी आलेली. बाईंचं डोकं फिरलं होतं. खापर फोडायला त्यांना कोणीतरी हवं होतं, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं ते फार उशिरा.

एका सकाळी त्या नेहमीपेक्षा तासभर आधी आल्या आणि उबदार खोलीच्या दारातच थबकल्या. बूचकाका फळीपाशी उभे होते. त्यांनी एका बरणीचं बूच काढलं, बरणी दोन्ही हातांत धरून तीनदा गोल हलवली, डोळे मिटले आणि नाक तोंडाशी नेऊन लांब श्वास घेतला. मग बूच दाबून बसवलं, अंगठ्याने अर्धा फेरा पिळलं, आणि पुढची बरणी घेतली.

"काका, बूच उघडलंत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"रोज उघडता?"

"रोज नाही. संध्याकाळी यीस्ट घातलं की दुसऱ्या दिवशी सकाळी. एकदाच."

"सगळ्या बरण्यांचं?"

"सगळ्या. बाई, वास घेतला की..."

"वास घ्यायला आपल्याकडे यंत्र आहे," बाई म्हणाल्या आणि टेबलाशी जाऊन लिहायला बसल्या.

इतक्या शांतपणे 'हो' म्हणणारा माणूस बाईंना निर्ढावलेला वाटला. तो फक्त खरं बोलत असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. त्यांनी तक्रार लिहिली. सूचनांचं वारंवार उल्लंघन, अक्षम्य निष्काळजीपणा, प्रयोगांचं नुकसान. बाईंची भाषा मुळात धारदार, त्यात राग. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी पुष्कळ होतं. पण वजन यावं म्हणून त्यांनी तक्रारीला काकांच्या रजांची यादीही जोडली. तीत एकदम अकरा दिवसांची रजा होती. काकूंच्या ऑपरेशनसाठी घेतलेली ती रजा बाईंनी स्वतःच मंजूर केली होती. तरीही जोडली.

पाहणीआधी बाईंनी सगळ्या बरण्या ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. बऱ्याच बरण्यांवर खडूने बारीक खुणा केलेल्या होत्या, कुठे फुली, कुठे गोल. काका कसली तरी मोजदाद करत असतील असं समजून त्यांनी त्या पुसून टाकल्या.

काकांची बदली भांडारात झाली. शेवटची दोन वर्षं त्यांनी हातमोजे आणि नटबोल्ट देण्यात काढली. बदलीच्या दिवशी ते एकदाच प्रयोगशाळेत आले. बुचांना भोकं पाडायच्या पितळी नळ्यांचा संच त्यांनी पुसून, फडक्यात गुंडाळून बाईंच्या टेबलावर ठेवला. "मोजून घ्या, आठ आहेत," म्हणाले. बाईंनी मोजल्या. आठच होत्या.

त्यानंतर बाईंनी कारभार कडेकोट केला. बुचांवर पोलादी चिमटे बसवले. बंद करण्याआधी प्रत्येक बरणीत नायट्रोजन सोडून उरलीसुरली हवा हुसकावून लावली. एकही बरणी आंबली नाही. बाई खुशीत होत्या. फक्त एक झालं. तिसऱ्या दिवशी बुडबुडे मंदावायचे आणि थांबायचे. यीस्ट हात टेकायचं, आणि रसातली जवळजवळ एक तृतीयांश साखर तशीच पडून राहायची. पूर्वी असं क्वचित व्हायचं, आता दर वेळी होऊ लागलं.

बाईंनी धाटांना दोष दिला, पाण्याला दिला, यीस्ट पाठवणाऱ्यांशी तर हातघाईवर येऊन भांडल्या. बियाणं बदललं, पाणी बदललं, यीस्ट दोनदा बदललं. पाच वर्षं अशी गेली. तोवर बूचकाका भांडारातूनच निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला बाई गेल्या नव्हत्या, बैठक होती. बैठक पुढे ढकलता आली असती.

मग एके दिवशी कार्यालयाने जुने कागद निकालात काढायला घेतले, आणि त्या तक्रारीची एक जादा प्रत बाईंच्या टेबलावर आली. सोबत चिठ्ठी, नष्ट करायची का? आपलंच जुनं पत्र हाती आलं की माणूस आधी भाषा बघतो. बाईंनीही बघितली, दोन ठिकाणी स्वतःवर खूषही झाल्या. मग पान उलटलं आणि जोडलेली रजांची यादी समोर आली. अकरा दिवस. तारखा ओळखीच्या वाटल्या.

त्यांनी त्या वर्षीची नोंदवही काढली. त्या अकरा दिवसांत बरण्यांचे दोन गट लावले होते. दोन्ही गट तिसऱ्या दिवशी थांबलेले. शेऱ्याच्या रकान्यात खुद्द बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कारण अज्ञात'.

त्या संध्याकाळी त्यांनी चोवीस बरण्यांत यीस्ट घातलं. सकाळी बारा बरण्यांची बुचं स्वतः काढली, बरणी दोन्ही हातांत धरून तीनदा गोल हलवली आणि बूच परत बसवलं. उरलेल्या बारांना हात लावला नाही. चौथ्या दिवशी उघडलेल्या बारांतली साखर संपली होती, आणि न उघडलेल्या बारा तिसऱ्या दिवशीच थकून बसल्या होत्या.

कारण काही गूढ नव्हतं. भरपूर हवा यीस्टला ऐदी करते हे खरं, पण सुरुवातीला घोटभर हवा त्यालाही लागतेच. त्या ऑक्सिजनवर यीस्ट आपल्या पेशीचं वेष्टण चिवट करून घेतं, म्हणजे पुढे स्वतःच केलेलं इथेनॉल त्याला सोसवतं. ती हवा मिळाली नाही तर आपल्याच कमाईत ते गुदमरतं. रस उकळताना त्यातली हवा निघून जायची, आणि उरलेली बाईंनी नायट्रोजनने हाकलली होती. पाठ्यपुस्तकात ही ओळ होती. कॉलेजात असताना बाईंनीच तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. त्या पुसट रेघेकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना खडूच्या खुणा आठवल्या. आंबलेल्या तिन्ही बरण्यांवर फुल्या होत्या. काका वास घ्यायचे पहिल्या सकाळी. बरण्या आंबल्याचं बाईंना कळलं चौथ्या दिवशी. म्हणजे बूच उघडलं तेव्हाच त्या बिघडलेल्या होत्या, आणि काकांना ते आधीच कळत होतं. नोंदवहीत त्यांच्यासाठी जागा नव्हती, म्हणून ते काचेवर लिहीत होते. आणि ते बाईंनी ओल्या फडक्याने पुसलं होतं.

बाईंनी कार्यालयाला नवं पत्र लिहिलं. माझी तक्रार चुकीची होती, संबंधितांच्या कामामुळे प्रयोग बिघडत नव्हते, उलट यशस्वी होत होते. कार्यालयाने सांगितलं, जुनं पत्र काढता येणार नाही, नवं त्याच्यामागे जोडता येईल. बाईंनी जोडायला लावलं आणि एक प्रत स्वतःकडे घेतली.

रविवारी सकाळी त्या निघाल्या, तेव्हा कापडी पिशवीत पत्र होतं, दोन बरण्या होत्या आणि नोंदवही होती. दोन्ही तीन दिवसांपूर्वी नव्याने लावलेल्या, नळीचं टोक बरणीला बांधलेल्या पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवलेलं. एक पहिल्या सकाळी उघडलेली, अजून कामात असलेली. दुसरी न उघडलेली, थांबलेली. नवऱ्याने पिशवीत डोकावून पाहिलं.

"माफी मागायला चाललीस की परीक्षा घ्यायला?"

"दाखवायला नेतेय," बाई म्हणाल्या.

ते अर्धंच खरं होतं. वासावरून काय कळायचं, कसं कळायचं, हे काकांकडून लिहून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. माफी मागायला निघाल्या तरी बाई त्या बाईच.

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, कठड्यावर पायपुसणी वाळत घातलेली. दार काकूंनी उघडलं. त्यांनी बाईंना ओळखलं, क्षणभर दारातच उभ्या राहिल्या, मग बाजूला झाल्या.

"या. ते आंघोळीला गेलेत, येतील इतक्यात."

बाई खुर्चीवर टेकल्या. पिशवीतून बरणीचं बूच वर डोकावत होतं. काकूंनी ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांगू का? वासाचं काही काढू नका त्यांच्यापुढे. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता, पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होते. तेव्हापासून नाक गेलंय. मला बोलले नाहीत अजून, पण कळतंच ना. मध्ये दूध करपलं, शेजारची धावत आली, आणि हे चुलीपासून चार पावलांवर पेपर वाचत बसलेले."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"त्यांनी सांगितलं तर दाखवायचं. परवा म्हणाले, भाजीला काय झकास वास सुटलाय. भाजी अजून चिरायचीच होती."

काकू हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे टिपून आत गेल्या. बाईंनी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली. दोन वर्षं. म्हणजे निवृत्तीनंतर वर्षभर ते नाक शाबूत होतं. वर्षभर त्या कधीही हा जिना चढू शकल्या असत्या. तेव्हा त्या पाण्याला दोष देत बसल्या होत्या.

बूचकाका आले. केस पूर्ण पांढरे झालेले, चण आणखी बारीक. "बाई? तुम्ही?" म्हणाले आणि समोर बसले.

बाईंनी रस्ताभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "काका, मी चुकले," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. रजेच्या तारखा, चोवीस बरण्या, पहिल्या सकाळची हवा. पत्र वाचून दाखवलं.

काका मान खाली घालून ऐकत होते. "म्हणजे हवेने," शेवटी ते म्हणाले.

"हो. तुम्ही उघडून हलवायचात त्या हवेने."

"मग नाकाचं त्यात काही नव्हतं."

"नाकाचंही होतं. तुमच्या खुणा मला आता आठवतात. फुली म्हणजे काय?"

"फुली म्हणजे आंबणार. गोल म्हणजे चांगली. अर्धा गोल म्हणजे चालेल, पण रडतखडत."

"किती वेळा बरोबर यायचं?"

"ते मी कसं सांगू? खुणा तुम्ही पुसल्यात," काका म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं.

"त्या दिवशी बोलला का नाहीत तुम्ही?"

"तुम्ही विचारलंत, बूच उघडलं का. मी हो म्हटलं. कशाला उघडलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी सांगायला गेलो, तोवर तुम्ही लिहायला बसला होतात."

तेवढ्यात खुर्चीखालून आवाज आला, डुबुक. थोड्या वेळाने पुन्हा, डुबुक.

काकांनी मान वर केली. पाच वर्षांनीही तो आवाज ते ओळखणार नाहीत असं होणं शक्य नव्हतं. "बरणी आणलीत?"

"अशीच आणली होती. राहू द्या, काका."

"बघू तरी."

बाईंनी नाइलाजाने दोन्ही बरण्या काढून टेबलावर ठेवल्या. काकांनी आधी बुचं चाचपली. "भोक जरा तिरकं पडलंय," म्हणाले. मग कोणत्या बरणीतून बुडबुडे येतात ते दिसू नये म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पूर्वीही ते असेच डोळे मिटायचे. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

बाईंनी मनाशी ठरवलं. काका कोणतीही बरणी चांगली म्हणोत, आपण 'बरोबर' म्हणायचं. तीस वर्षांत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती. आज एक करायची, आणि ती करताना चेहरा सरळ ठेवायचा.

काकांनी पहिलं बूच काढलं, बरणी तीनदा गोल हलवली, लांब श्वास घेतला. मग दुसरी. दुसरी बाजूला ठेवून पुन्हा पहिली उचलली, पुन्हा हुंगली. मग डोळे उघडले.

"वही आणलीय?"

"आणलीय."

"मग लिहा. पहिली बरणी, वास येत नाही. दुसरी बरणी, वास येत नाही."

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता.

"बरण्यांचा दोष नाही," काका म्हणाले. "नाक गेलंय माझं, बाई. दोन वर्षं झाली." मग दाराकडे न बघता त्यांनी पुढचं काकूंना सांगितलं, "तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे."

"मग रोज भाजीचं कौतुक कशाला?" काकूंनी विचारलं.

"घरात चालतं तेवढं. बरणीसमोर बसून खोटं कसं सांगू?"

बाईंनी नोंदवही उघडली. पानावर रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, तापमान, साखर, इथेनॉल, शेरा. वासाला कुठेच जागा नव्हती. पट्टी आणलेली नव्हती, म्हणून त्यांनी माफीच्या पत्राची कड पानावर धरली आणि तिच्या आधाराने कडेला एक नवी उभी रेघ ओढली. वर लिहिलं, 'वास'. खाली दोन ओळींत दोनदा लिहिलं, 'येत नाही'.

काकांनी वाकून पाहिलं. "रकाना चांगला झाला," ते म्हणाले. "तेव्हा असता तर मी रोज भरला असता."

"हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी वही काकांकडे वळवली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. निरीक्षण कोणी केलं, त्याची सही तिथे करायची असते. काकांनी आधी दोन्ही बरण्यांची बुचं दाबून बसवली, अंगठ्याने अर्धा अर्धा फेरा पिळली, हात पंचाला पुसले आणि मग पेन घेतलं. सही करायला त्यांना वेळ लागला. पंचवीस वर्षांच्या नोंदवह्यांत त्यांची ती पहिलीच सही होती.